घर सोडताय? मग भीड सोडा आणि चिठ्ठी लिहा!

गेल्या रविवारी सकाळी इडलीचं पीठ वाटून होतंय न होतंय, तोच शेजारच्या वहिनी दारात उभ्या. हातात मुलाच्या वहीतला फाडलेला कागद आणि चेहरा अगदी उतरलेला. म्हणाल्या, "बाई, तुम्ही बी. ए. झालेल्या, शाळेत मराठी शिकवता. मला एक चिठ्ठी लिहून द्या की. पुढच्या महिन्यात आम्ही घर सोडतोय, ते मालकांना कळवायचंय. पण त्यांना वाईट वाटायला नको हं!"

मी म्हटलं, "चिठ्ठी नव्हे वहिनी, नोटीस द्यायची."

नोटीस म्हटल्याबरोबर त्या दचकल्याच. "अगं बाई! नोटीस कशाला? आमचं काही भांडण थोडंच झालंय?"

आपलं हे असं आहे बघा. नोटीस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळा कोट, कोर्ट आणि कज्जा उभा राहतो. खरं तर नोटीस म्हणजे नुसती सूचना. दूधवाल्याला 'उद्यापासून अर्धा लिटर कमी' हे सांगून आपण कॅलेंडरवर खूण करून ठेवतो. इस्त्रीला दिलेले कपडे वहीत मांडतो. आणि जिथे आपले चाळीस-पन्नास हजार अडकलेले असतात, तिथे मात्र सगळा व्यवहार तोंडी! का, तर भीड पडते. आपले म्हातारे सांगून गेलेत, भीड भिकेची बहीण. ह्या म्हणीची किंमत मी स्वतः मोजलेली आहे, म्हणून आज हा विषय घेतला.

माझी फजिती

२०१७ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा साताऱ्याला भाड्याने राहत होतो. भाडं साडेसात हजार, डिपॉझिट चाळीस हजार. ह्यांची सांगलीला बदली झाली. दसऱ्याला सोनं द्यायला आम्ही वरच्या मजल्यावर मालकांकडे गेलो, तेव्हाच सांगून टाकलं, "काका, दिवाळी झाली की आम्ही निघणार. एकतीस ऑक्टोबरला घर मोकळं करतो." काकांनी हसून आपट्याची पानं घेतली, "बरं बरं, छान झालं" म्हणाले. काकूंनी हातावर पेढा ठेवला. मला वाटलं, झालं, एक महिना आधी सांगितलं, आपलं काम संपलं.

एकतीस तारखेला टेम्पो दारात उभा. सामान चढलेलं, धाकटी रडतेय, आणि काका हिशेबाचा कागद घेऊन खाली आले. करारात लिहिलं होतं, एक महिन्याची लेखी सूचना. "तुम्ही लेखी कुठे दिलीत? सणासुदीला माणूस काहीबाही बोलतं, त्याला काय सूचना म्हणायची?" म्हणून एका महिन्याचं भाडं कापलं, साडेसात हजार. रंगाचे म्हणून सहा हजार. लाइटबिलाचे अंदाजाने तेराशे पन्नास. चाळीस हजारांतले हातात आले पंचवीस हजार एकशे पन्नास.

हे म्हणाले, "जाऊ दे, टेम्पोवाला खोळंबलाय." आणि आम्ही निघालो.

ते डिपॉझिटचे पैसे मी माझ्या बी. एड.च्या फीसाठी मनात धरून ठेवले होते. नव्या घराचं डिपॉझिट भरताना ते सगळे त्यात गेले. बी. एड. त्या वर्षी राहिलं ते राहिलंच. काकांना मी दोष देत नाही. करार त्यांच्याही सहीचा होता आणि माझ्याही घरातल्या सहीचा. फरक एवढाच, की त्यांनी तो वाचला होता, आम्ही नव्हता.

आधी करारनामा काढा

म्हणून पहिलं काम हे. कपाटात साडीखाली, बँकेच्या पासबुकाशेजारी ठेवलेला करारनामा काढा. दुपारी मुलं शाळेत गेली, की चहाचा कप घेऊन शांतपणे बसा आणि एक पेन्सिल जवळ ठेवा. पाच गोष्टींखाली रेघ ओढायची.

पहिली, करार कोणत्या तारखेला सुरू झाला आणि कधी संपतो. दुसरी, सूचना किती दिवस आधी द्यायची आणि ती लेखीच हवी का. बहुतेक करारांत एक महिना असतो, पण काहींत दोन महिनेही असतात. तिसरी, 'लॉक-इन'ची मुदत, म्हणजे अमुक महिने घर सोडायचंच नाही अशी अट. त्या आधी निघालात, तर उरलेल्या महिन्यांचं भाडं मागितलं जाऊ शकतं. चौथी, डिपॉझिट कधी आणि कसं परत मिळणार, आणि त्यातून काय काय कापता येईल. रंगाची अट बहुधा इथेच लपलेली असते. पाचवी, पत्रव्यवहार कोणत्या पत्त्यावर करायचा आणि ई-मेल किंवा मोबाइलवरची सूचना चालेल असं लिहिलंय का.

करारनाम्याची प्रत तुमच्याकडे नसेल, तर मालकांकडून मागून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असायलाच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केलेली नसेल, तर अटी काय होत्या ह्याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. हे आपल्या बाजूचं कलम आहे. लक्षात ठेवा.

तुम्ही नक्की कोणत्या गटात?

सगळ्या भाड्याच्या घरांना एकच नियम नाही. ढोबळ मानाने तीन गट करावेत.

लिव्ह अँड लायसन्स. आजकाल शहरात बहुतेक जणी ह्याच करारावर राहतात. कायद्याच्या भाषेत तुम्ही इथे भाडेकरू नाही, मालकाच्या परवानगीने राहणाऱ्या आहात. सूचना किती दिवसांची, हे करारच सांगतो. करारात काहीच लिहिलेलं नसेल, तर निदान एक महिना आधी लेखी कळवावं. मुदत संपल्यावरही घर सोडलं नाही, तर कलम २४ प्रमाणे मालक दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. म्हणून नव्या घराचं नक्की झाल्याशिवाय 'अमुक तारखेला निघतो' असं लिहून देऊ नये, आणि लिहून दिलं की तारीख पाळावी.

साधं महिन्याच्या भाड्याचं घर. म्हणजे लायसन्स नाही आणि मुदतीचा करारही नाही, महिन्याच्या महिन्याला भाडं देऊन राहता. इथे १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०६ उपयोगी पडतं. वेगळं काही ठरलेलं नसेल, तर राहत्या घराचं भाडं पंधरा दिवसांच्या लेखी सूचनेने संपवता येतं. हे पंधरा दिवस सूचना मालकाला मिळाल्यापासून मोजायचे, आपण लिहिल्यापासून नव्हे. सूचनेवर सही हवी. ती टपालाने पाठवता येते किंवा मालकाच्या हातात देता येते. मालक घरी नसतील, तर त्यांच्या घरातल्या माणसाकडे किंवा नोकराकडेही देता येते. तेही जमत नसेल, तर घराच्या दर्शनी भागावर चिकटवता येते. इतकी साधी तरतूद कायद्यात आहे!

जुनं, पागडीचं किंवा वाड्यातलं घर. इथे मात्र थांबा! सासऱ्यांच्या काळापासून दोनशे-तीनशे रुपये भाडं देत असाल, तर माझा नमुना बघून चिठ्ठी लिहायला बसू नका. त्या घरात तुमच्या कुटुंबाचा हक्क साठलेला असतो. कलम ५६ प्रमाणे तो हक्क सोडताना भाडेकरूला मोबदला घेता येतो, आणि तो कायदेशीर आहे. कोणी गोड बोलून 'एवढी सही करा हो वहिनी' म्हणालं, तर आधी वकिलाला कागद दाखवा. सासूबाई हयात असतील तर त्यांनाही नुसत्या अंगठ्यासाठी पुढे करू नका. एकदा लिहून दिलेला हक्क परत मागता येत नाही.

नोटिशीत काय असावं?

माझ्या शाळेतल्या मुलांना मी पत्रलेखन शिकवते तेव्हा सांगते, पाल्हाळ नको. इथेही तेच. घर का सोडताय, नळाला पाणी कसं येत नव्हतं, शेजारी कसे वागले, ह्यातलं काही लिहायचं नाही. तक्रार वेगळी, सूचना वेगळी. तारीख, दोघांची नावं, घराचा पत्ता, कराराची तारीख, घर कधी सोडणार तो दिवस, डिपॉझिटची रक्कम आणि सही. संपलं.

'महिनाभराने' किंवा 'पुढच्या महिन्याच्या शेवटी शेवटी' असं मोघम लिहू नये. सरळ तारीख घालावी. तारीख काढताना दोन-चार दिवस जास्तच धरावेत. समजा, तीस एप्रिलला निघायचंय आणि सूचना एक महिन्याची आहे, तर चिठ्ठी सव्वीस-सत्तावीस मार्चलाच मालकांच्या हाती पडावी. सूचना मिळालेला दिवस मोजायचा की नाही, ह्या वादाला जागाच ठेवायची नाही.

सही कोणी करायची? करारावर ज्याची सही, त्याची. करार 'ह्यांच्या' नावावर असेल तर ह्यांची, दोघांच्या नावावर असेल तर दोघांची. घराचे मालक दोघे असतील, समजा नवरा-बायको किंवा दोन भाऊ, तर नोटिशीवर दोघांची नावं घाला. मालक परदेशी असून करारावर कुलमुखत्यारधारकाची सही असेल, तर दोघांनाही कळवा.

हा घ्या नमुना. रिकाम्या जागी आपापला तपशील भरा.

*दिनांक: ........*

*प्रति,*
*श्री./श्रीमती ........ (घरमालक)*
*पत्ता: ........*

*विषय: भाड्याचे घर सोडण्याबाबत सूचना.*

*स. न. वि. वि.*

*आपल्या मालकीच्या, ........ येथील घरात आम्ही दिनांक ........ रोजीच्या नोंदणीकृत करारानुसार राहत आहोत. करारातील अट क्रमांक ...... प्रमाणे ही आगाऊ लेखी सूचना देत आहे, की आम्ही सदर घर दिनांक ........ रोजी सोडून त्याचा रिकामा ताबा आपणांस देऊ.*

*त्या तारखेपर्यंतचे भाडे व वीजबिल आम्ही भरू. आमची अनामत रक्कम रुपये ........ आपणांकडे जमा आहे. ताबा देतेवेळी ती करारानुसार परत मिळावी. त्यापूर्वी आपल्या सोयीच्या दिवशी घराची पाहणी करावी, ही विनंती. वजावट करावयाची असल्यास तिचा तपशील लेखी कळवावा.*

*आपले सहकार्य लाभले, त्याबद्दल आभारी आहोत.*

*आपला/आपली,*
*(सही व नाव)*

बघा, ह्यात कुठे भांडण आहे का? शेवटी आभारसुद्धा आहेत. करार नोंदवलेला नसेल, तर 'नोंदणीकृत' शब्द गाळा. मालकांना मराठी वाचता येत नसेल, तर त्यांना समजेल अशा भाषेत लिहा.

हातात द्यायची की टपालाने?

सगळ्यात चांगलं, हातात. पण दोन प्रती न्यायच्या. एक त्यांना, आणि दुसरीवर 'मूळ प्रत मिळाली' असं लिहून त्यांची सही आणि तारीख घ्यायची. ही सही मागताना जीभ जड होते, मला माहीत आहे. 'आमच्या ऑफिसात द्यावी लागते' अशी थाप मारायची काही गरज नाही. सरळ म्हणावं, "काका, दोघांकडे एकेक प्रत राहू दे, म्हणजे कोणी विसरायला नको."

सही द्यायला कां-कू केली, तर वाद न घालता 'बरं' म्हणून घरी या आणि त्याच दिवशी पोस्टात जा. पूर्वी आपण रजिस्टर करायचो. २०२५ साली टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्टाची सेवा स्पीड पोस्टात विलीन केली, तेव्हा खिडकीवर 'स्पीड पोस्ट, नोंदणीसह, आणि पोहोच हवी' असं स्पष्ट सांगायचं. पाकिटावर पूर्ण पत्ता, पिनकोडसह. पोस्टाची पावती नोटिशीच्या प्रतीला टाचून ठेवायची. त्या पावतीची शाई उडते, म्हणून लगेच तिची झेरॉक्स काढा किंवा फोटो घ्या.

पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलं, तर घाबरू नका, आणि मुख्य म्हणजे ते फोडू नका. तसंच बंद ठेवा. योग्य पत्त्यावर पाठवलेलं पत्र समोरच्याने मुद्दाम नाकारलं, तर ते त्याला पोहोचलं असंच सामान्यपणे धरलं जातं. ते बंद पाकीट हाच तुमचा पुरावा.

आणि व्हॉट्सॲप? नोटिशीचा फोटो जरूर पाठवा, निळ्या खुणा झाल्या की त्याचाही फोटो ठेवा. पण करारात तसं लिहिलेलं नसेल, तर केवळ त्यावर विसंबू नका. कागद तो कागद.

नोटीस दिल्यानंतरचा महिना

पुष्कळ जणी इथे एक चूक करतात. 'शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घ्या' म्हणतात आणि भाडं थांबवतात. मालकांनी तसं लिहून दिलं तरच असं करा. नाहीतर 'भाडं थकवलं' हा ठपका आपल्यावर येतो. भाडं नेहमीच्या तारखेला, शक्यतो बँकेतून द्या. रोख दिलं, तर पावती घ्या. पावती देणं मालकाला कायद्यानेच बंधनकारक आहे.

नोटीस दिली म्हणून मालकांनी पाणी तोडलं, वीज बंद केली, तर ते चालत नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे भाडेकरूची जीवनावश्यक सेवा विनाकारण तोडायला मनाई आहे. मात्र नवीन भाडेकरूंना घर दाखवायला ते आले, तर दार लावून बसू नये. वेळ ठरवून घ्यावी. दुपारी चार ते सहा म्हटलं, की आपलाही स्वयंपाक खोळंबत नाही.

ह्या महिन्यात एका वहीत यादी करा. गॅसची नोंद नव्या पत्त्यावर. मुलांच्या शाळेचे दाखले. बँक, आधार, रेशनकार्ड ह्यांवरचा पत्ता. दूध, पेपर, केबलचा हिशेब. सोसायटीची काही येणी असतील, तर ती. भिंतीतले खिळे काढून भोकं पांढऱ्या सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवा. दहा-वीस रुपयांत होतं आणि रंगाच्या वादातली निम्मी हवा जाते. ओट्यावरचे तेलकट डाग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासा. संडास-मोरी लख्ख करा. स्वच्छ घर बघून मालकाचा हात कापाकापीला जरा कमी धजावतो, हा माझा अनुभव.

किल्ल्या आणि पैसे, एकाच बैठकीत

शेवटच्या दिवसाच्या आधी, टेम्पो यायच्या दोन-तीन दिवस अगोदर मालकांना घर दाखवून घ्या. टेम्पो दारात उभा असताना कोणीही हिशेबात हरतो, माझं उदाहरण वर दिलंच आहे. खोल्या रिकाम्या झाल्या की प्रत्येक भिंतीचा, नळाचा, पंख्याचा, खिडकीच्या काचांचा फोटो घ्या. विजेच्या मीटरवरचा आकडा तारखेसह टिपा आणि त्याचाही फोटो ठेवा. मग 'अंदाजाने' बिल कापता येत नाही.

किल्ल्या देताना एक छोटा कागद करा: 'आज दिनांक अमुक रोजी घराचा रिकामा ताबा व इतक्या किल्ल्या मिळाल्या. अनामत रकमेपैकी इतके रुपये परत दिले.' खाली दोघांच्या सह्या. रंगाचे, दुरुस्तीचे पैसे कापले असतील, तर कशाचे किती ते वेगवेगळं लिहून घ्या. पैसे बँकेतून येऊ देत. 'पुढच्या आठवड्यात पाठवतो' म्हणाले, तर तेही त्याच कागदावर तारखेनिशी लिहून घ्या.

पैसे अडकले तर?

आधी एक साधं पत्र, पंधरा दिवसांची मुदत देऊन. मग वकिलाकडून नोटीस. आणि वकिलाची फी परवडत नाही म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. १९८७ सालच्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. शिक्षिका असो, गृहिणी असो, कोणीही. जिल्ह्याच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं आणि तालुक्याला तालुका समितीचं कार्यालय असतं. तिथे करारनामा, नोटिशीची प्रत आणि पोस्टाची पावती घेऊन जा. पैशाच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. 'बघू, बघू' करत ती घालवू नका. मी घालवली.

एक नाजूक बाब

एका वाचक मैत्रिणीच्या मनातला प्रश्न मीच विचारते. करार नवऱ्याच्या नावावर आहे, घरात बेबनाव आहे, आणि तोच परस्पर मालकाला 'घर सोडतो' असं लिहून देऊन निघून गेला तर? बाई मुलांना घेऊन कुठे जाणार? २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात 'सामायिक घर' म्हणजे भाड्याचं घरही धरलं आहे. छळ होत असेल, तर त्या बाईच्या अर्जावरून न्यायदंडाधिकारी नवऱ्याला घरावरचा हक्क परस्पर सोडायला मनाई करू शकतात, किंवा दुसऱ्या घराची, भाड्याची सोय करायला सांगू शकतात. ही मदतही वर सांगितलेल्या कार्यालयातून मागता येते. आणि ज्यांचं सगळं सुरळीत आहे, त्यांनीही पुढचा करार करताना आपलं नाव घालून घ्यावं. त्यात अविश्वास नाही. घर दोघांचं, तर कागदही दोघांचा.

कागदाने माणूस तुटतो का?

हाच वहिनींचा खरा प्रश्न होता. त्याला माझ्याकडे अनुभवाचं उत्तर आहे.

२०२२ साली सांगलीतलंच आमचं पहिलं घर सोडून आम्ही मुलींच्या शाळेजवळ आलो. ते घर सत्तरीच्या एका काकूंचं. एकट्या राहायच्या, मुलगा पुण्याला. पाच वर्षांत त्यांनी आमच्या घरी किती वेळा पुरणाची वाटी पाठवली असेल! त्यांच्या हातात नोटीस द्यायला मी तीन वेळा जिना चढले आणि दोन वेळा नुसतीच चहा पिऊन खाली आले. तिसऱ्यांदा दिली. काकूंनी चष्मा लावून सगळी वाचली. मग म्हणाल्या, "मला कागद देतेस होय गं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी साताऱ्याची सगळी हकिकत त्यांना सांगितली. पंधरा हजारांची आणि बी. एड.चीसुद्धा, जी मी माहेरीही कधी सांगितली नव्हती.

काकू काही बोलल्या नाहीत. माझ्या प्रतीवर सावकाश सही केली, तारीख घातली. महिन्याच्या शेवटी पन्नास हजार पूर्ण आले, मुलाच्या खात्यातून. नंतर काकूच म्हणाल्या, "बरं झालं कागद दिलास. तुझे पैसे मुलाकडे होते. नुसतं तोंडी सांगितलं असतं, तर म्हणाला असता, आई, तुझ्या लक्षात राहत नाही. चिठ्ठी पुढे केली, तेव्हा गप्प बसला." म्हणजे त्या कागदाने माझी बाजू राखली तशी त्यांचीही राखली. अजून संक्रांतीला मी त्यांच्याकडे तिळगूळ घेऊन जाते.

वहिनींना हे सगळं सांगेपर्यंत पीठ पातेल्याबाहेर यायला लागलं होतं. आम्ही दोघींनी टेबलाशी बसून दोन प्रती लिहिल्या. संध्याकाळी त्या परत आल्या, एक प्रत नाचवतच. मालकांनी सही तर केलीच, वर म्हणाले, "हे बरं केलंत. आता नव्या भाडेकरूला मला नक्की तारीख सांगता येईल."

तेव्हा मैत्रिणींनो, आज दुपारी एवढंच करा. घर सोडायचं असो वा नसो, करारनामा साडीखालून बाहेर काढा आणि वाचा. घरातले कागद सांभाळतो आपणच. ते वाचायचं कामही आपलंच समजू या.